बाजारात मासळी असते

माझ्या गाळ्यासमोर मांजरं टाकून जाणाऱ्यांना मी बावीस वर्षं शिव्या दिल्या आहेत. तुम्पातच्या बाजारात मासळी विकते मी. मेक नाब म्हणून विचारा, कुणीही गाळा दाखवील. सकाळची गर्दी ओसरली की एखादी गाडी हळूच येऊन थांबते, दार अर्धं उघडतं, खोक्यातली पिल्लं खाली आणि गाडी पसार. त्यातल्या त्यात एखादा लाजरा असला तर काच खाली करून म्हणतो, "इथं मासळी असते ना मावशी, उपाशी नाही मरायचं."

"असते रे बाबा, असते! तुझ्या आईलापण आणून सोड, तिलाही घालीन दोन बांगडे!" मी सुरा हातात घेऊन ओरडायची. "टाकणाऱ्याला त्याच्याच माणसांनी टाकावं, मेल्या!" आजूबाजूच्या बायका पोट धरून हसायच्या. माझं तोंड सगळ्या बाजाराला ठाऊक आहे.

आणि एवढं तोंड वाजवणाऱ्या मीच एक मांजर नेऊन टाकलं. आमच्या बाजारात नाही, तेवढी अक्कल होती. नदीपलीकडच्या बाजारात.

मांजर माझ्या सुनेचं. नाजिहा लग्न होऊन आली ती एका हातात कपड्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात टोपली घेऊन. टोपलीत हा पांढरा बोका, चपट्या नाकाचा, दोन-दोन बोटं लांब केसांचा. नाव कापस. मी म्हटलं, "आहेर आणलास की सवत आणलीस?" ती हसली. हसली की तिच्या गालाला एकाच बाजूला खळी पडायची.

ती बालवाडीत शिकवायची. दोनला घरी यायची, जेवायची, दुपार कलली, असरची नमाज झाली की मागच्या पायऱ्यांवर बसायची, मांडीवर कापस. दोन कंगवे होते तिच्याकडे, एक मोठ्या दातांचा, एक बारीक. आधी मोठा, मग बारीक. पाठ, पोट, काखा, कानामागं, मागच्या मांड्या. मग ओल्या फडक्यानं सगळं अंग पुसायची, सुटे राहिलेले केस निघावेत म्हणून. निघालेले केस बिस्किटाच्या डब्यात. आठवड्यातून दोनदा लाल भोपळा उकडून मासळीत कुस्करायची. दुधाच्या रिकाम्या डब्यात भात पेरून त्याचं हिरवं गवत उगवायची आणि तो बोका सकाळी उठून एखाद्या म्हाताऱ्यासारखा ते खुडून खायचा. दवाखान्यातलं कसलंसं चिकट औषध पंजाला लावायची, तो चाटून टाकायचा. घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या.

"अगं, माझ्या डोक्याला कधी लावलंस का तेल एवढ्या मायेनं?" मी टोमणा मारला.

दुसऱ्या दिवशी बाई खोबरेल तेलाची बाटली घेऊन माझ्या मागं येऊन बसली. "माक, पदर काढा डोक्यावरचा." माक म्हणजे आई, आमच्याकडे सासूलाही तेच म्हणतात. अर्धा तास डोकं चोळलं माझं. अशी मुलगी. तिच्याशी भांडायचं तरी कसं?

तरी मी भांडायचीच. "बाजारात शंभर मांजरं आहेत, त्यांना कोण विंचरतं?"

"त्यांचे केस बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाहीत, माक. याचे बघा." ती समजावून सांगायची, बालवाडीतल्या पोरांना सांगावं तसं. "मांजराची जीभ खरखरीत असते. चाटताना केस जिभेत अडकतात. थुंकता येत नाहीत त्याला, मग गिळतो. थोडे खालून निघून जातात, थोड्याचा पोटात गोळा होतो, तो ओकून टाकतो. आपण विंचरले की तेवढे कमी पोटात जातात."

"आणि नाही ओकला तर?"

"महिन्या-दोन महिन्यांतून एखादा गोळा पडला तर काही नाही. पण नुसत्याच ओकाऱ्या काढतोय, बाहेर काही येत नाही, खात नाही, शी होत नाही, तर मग घरी काहीसुद्धा करायचं नाही. उचलायचं आणि डॉक्टर गाठायचा. त्याच दिवशी."

हे तिनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. ऐकलं मी. एका कानानं.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नाही. रुस्दी माझा एकुलता एक. त्याचा बाप गेल्यावर मासळी कापून कापून वाढवलेला. मला नातवंड हवं होतं, खोटं कशाला बोलू? बाजारातल्या बायका नातवंडांचे फोटो दाखवायच्या तेव्हा मला बर्फ संपल्याची आठवण व्हायची आणि मी उठून जायची.

रोज्यांच्या आधी घरी जेवण ठेवलं होतं. बारा-पंधरा बायका चटईवर बसलेल्या, गोकर्णीच्या फुलांनी रंगवलेला निळा भात वाढलेला, आणि कापस मधोमध आला. मान लांब केली, पोट आत-बाहेर, आत-बाहेर, आणि सगळ्यांसमोर बोटाएवढा ओला, काळपट केसांचा गोळा टाकला. बायका किंचाळल्या. जेवण राहिलं बाजूला.

काक सेमाह म्हणजे माझी थोरली नणंद. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तिचा जन्माचा स्वभाव. ती म्हणाली, "बघा! मांजराच्या पोटात एवढा निघाला, तर दिवसभर त्याला उराशी धरून बसणारीच्या पोटात केवढा असेल? केस जाऊन गर्भपिशवीत गोळा झालाय हिच्या. मूल राहणार कुठं?"

आमच्याकडे हे घरोघर बोलतात. माझी आईही बोलायची. माझ्या आईच्या घरात सात मांजरं होती आणि आम्ही नऊ भावंडं, तरी हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

नाजिहा स्वयंपाकघरातून फडकं घेऊन आली. खाली बसून पुसलं. वर बघितलं ते एकदाच, पडवीत बसलेल्या रुस्दीकडे. रुस्दी फोनमध्ये डोकं घालून बसला होता. ती नजर मी पाहिली. मला वाटलं, बिचारीला लाज वाटतेय.

बायका गेल्यावर सेमाह दारात थांबली. "नाब, तू आई आहेस ना त्याची? की त्या बोक्याची?"

झालं. ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

सोमवारी नाजिहा बालवाडीत गेल्यावर मी मासळीची झाकणाची टोपली घेतली, कापसला आत घातला आणि बसमध्ये बसले. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, मांजर टाकायचं तर नदी ओलांडून टाकावं, मग ते परत येत नाही. पूल ओलांडून बाचोकला गेले. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं नेताय हो?" म्हटलं, "दवाखान्यात." पहिलं खोटं तिथं बोलले. मग सवय झाली.

बाचोकच्या बाजारात मासळीच्या रांगेमागं टोपली उघडली. त्याच्यापुढं ताजा बांगडा ठेवला. त्यानं हुंगला आणि सोडला. त्याला उकडलेलं लागायचं, काटे काढून, भोपळा घालून. मग तो आला आणि माझ्या पायावर बसला. नेमका पावलावर.

"रागावू नको रे," मी म्हटलं. "माझ्या घरचा प्रश्न आहे. इथं मासळी असते. उपाशी नाही मरायचास."

माझ्या तोंडातून ते वाक्य निघालं आणि मला ऐकूही आलं. पण पाय काढून घेतला आणि चालू लागले.

घरी येऊन सांगितलं, "दार उघडं राहिलं गं माझ्याकडून. गेला कुठं तरी."

ती एका शब्दानं मला बोलली नाही. उलट म्हणाली, "होतं असं माक, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." गल्ली न् गल्ली हाका मारत फिरली. त्याच्या फोटोचे कागद काढून खांबाखांबावर डकवले. आमच्या बाजारात आली, एकेका गाळ्याखाली वाकून बघितलं. माझ्या गाळ्यापाशी उभी राहून माझ्याच गिऱ्हाइकांना विचारायची, "पांढरा, लांब केसांचा, पाहिलात का?" आणि मी मान खाली घालून खवले काढत बसायची. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशी.

"हे केस गळायचे दिवस आहेत, माक," ती म्हणायची. "तीन दिवस विंचरला नाही तर गाठी होतात त्याच्या. सगळं चाटून पोटात घेईल."

"एखाद्या भल्या माणसानं नेला असेल."

"त्या भल्या माणसाला विंचरायचं कळेल का?"

भाताच्या डब्याला मात्र रोज पाणी घालायची. गवत वाढून वाढून पिवळं पडलं, पुन्हा नवं पेरलं.

एकोणिसाव्या दिवशी, असरनंतर, ती तेलाची बाटली घेऊन माझ्या मागं येऊन बसली. त्या वेळी तिच्या हातांना काही काम राहिलं नव्हतं ना. बोटांनी भांग पाडला, तेल जिरवलं, कंगवा फिरवायला लागली. आधी मोठा, मग बारीक. माझ्या मानेवर काहीतरी ऊन ऊन पडलं. मला वाटलं तेलच. तेल गार होतं.

मेलं माझं काळीज. दुसऱ्या दिवशी गाळा शेजारणीवर टाकला आणि बाचोकची बस धरली.

त्या रांगेत माझ्याच वयाची एक मासळीवाली बसली होती, मनगटभर सोन्याच्या बांगड्या, हातात सुरा. मी विचारलं, पांढरं मांजर वगैरे.

"ते होय? बर्फाच्या पेट्यांखाली पडलंय बघा," ती म्हणाली, आणि तिचं तोंड सुटलं. "कुठल्या रांडेच्यानं टाकलं कोण जाणे! असलं रेशमी जनावर बाजारात टाकतात का? ते काय कच्ची मासळी खातंय, का कुत्र्यांशी भांडतंय? टाकणाऱ्याचे हात झडोत! त्याच्या म्हातारपणी त्याला असंच कुणीतरी पेटीखाली टाको!" मग माझ्याकडे बघून, "तुमचं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "ओळखीच्यांचं."

"मग त्या ओळखीच्यांना सांगा, आठ दिवस खोकतंय ते. दमा असेल. दोन दिवस मासळीला तोंडही लावलं नाही."

मी वाकून पाहिलं. पांढरा म्हणायला काही उरलं नव्हतं. केसांच्या गाठी होऊन अंगावर पत्रे झालेले, त्यात खवले, मासळीचं पाणी, माती. त्यानं मला ओळखलं. उठून आला, दोन पावलं टाकली आणि थांबला. मान लांब केली, पोट आत-बाहेर, आत-बाहेर, ओकारीवर ओकारी. बाहेर काही नाही. थेंबभर फेस.

बसमध्ये टोपली मांडीवर होती. दीड वाजला होता. दोनला नाजिहा घरी येणार. सरळ घरी जायचं, टोपली तिच्या हातात द्यायची, एवढंच काम होतं. तिनं एका नजरेत ओळखलं असतं काय झालंय ते. पण ती विचारणार, कुठं सापडला? बाचोकला? घरातलं मांजर पूल ओलांडून बाचोकला कसं गेलं, माक?

घर आलं, मी उतरले नाही. पुढं बाजारापर्यंत गेले.

माझ्या गाळ्यामागं एक खोली आहे, पेट्या ठेवायची. तिथं त्याला ठेवला. कात्रीनं गाठी कापल्या, कोमट पाण्यानं धुतला, पुसला. खोकला आहे म्हणून माझ्या आजीचा उपाय केला, दोन चमचे खोबरेल तेल जबडा दाबून घशात ओतलं. त्याला ठसका लागला, नाकातून तेल आलं. मी म्हटलं, बरंय, मोकळं होतंय. माझा बेत असा होता: एक-दोन दिवसांत ओकून टाकेल, जरा खायला लागेल, केस फुलतील, मग नेऊन म्हणेन, "बघ गं, माझ्याच गाळ्याखाली सापडला तुझा कापस!" ती माझ्या गळ्यात पडेल. मला तिचे आभारही हवे होते, बोला आता.

दोन दिवस. सकाळ-संध्याकाळ तेल. दोन दिवस घरी जाऊन मी तिच्यासमोर बसून जेवले आणि ती विचारत होती, "माक, तुमच्या हाताला ओरखडे कसले?" म्हटलं, "मासळीचे काटे."

तिसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली तर तो एका अंगावर पडलेला. मान उचलेना. पोट ताठ, लाकडासारखं. तेव्हा कुठं मी त्याला उचलला आणि शेजारणीच्या मुलाच्या स्कूटरवर बसून दवाखान्यात नेला.

डॉक्टरीणबाई ओंग, चष्मा लावलेली, लहानशी. पोट दाबलं, छाती ऐकली, एक्स-रे काढला.

"किती दिवस असं आहे?"

"आज सकाळपासून."

"मावशी, खोटं बोलू नका. हे कित्येक दिवसांचं आहे. केसांचा गोळा आतड्यात जाऊन अडकलाय, पुढं काही सरकत नाहीये. आणि तेल पाजलंत ना? ते छातीत गेलंय, घरघर ऐकू येतेय. कुणी सांगितलं तेल पाजायला? पोट फाडून काढावं लागेल, तेही जगला तर. नाव काय याचं?"

"कापस."

तिनं कॉम्प्युटरवर टाकलं आणि माझ्याकडे मान वळवली. "हा नाजिहाचा कापस? अहो, ती रोज फोन करते मला! कुणी आणला का, कुणी आणला का म्हणून." आणि मला काही सुचायच्या आत तिनं फोन लावलासुद्धा.

नाजिहा आली ती बालवाडीतून तशीच, हाताला पोरांचे रंग लागलेले. कापसला आत नेलेलं होतं. आम्ही बाकावर बसलो. ती माझा हात धरून बसली होती. माझा हात! "तुम्हाला सापडला ना माक? अल्लानं तुमच्याच हातात दिला," म्हणाली. मी दरवाजाकडे बघत होते.

डॉक्टरीणबाई बाहेर आली. पत्र्याच्या ताटलीत तो गोळा, अंगठ्याहून मोठा, दगडासारखा घट्ट, त्यात चार खवले चमकत होते. "काढला. पण आतडं काळं पडलं होतं. आणि छातीनं साथ दिली नाही. परवा आणला असता तर वाचला असता." तिनं ते माझ्याकडे बघत म्हटलं. "परवा."

त्याला टॉवेलात गुंडाळून नाजिहाच्या मांडीवर दिला. ती रडली नाही. कापलेल्या केसांवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "हे केस कुणी कापले, माक?"

"मी."

"कधी?"

खोटं बोलायची सवय होती, पण त्या क्षणी जिभेवर एकही आलं नाही. "परवा."

"कुठं सापडला होता?"

"बाचोकला."

"नदीपलीकडे," म्हणाली.

"हो."

आता मी फुटले. "नाजिहा, तुझ्यासाठी केलं गं! घरात मूल यावं म्हणून. काक सेमाह म्हणाली, तुझ्या पोटात केसांचा गोळा..."

"माझ्या पोटात काही नाही, माक." आवाज एवढा शांत की मला भीती वाटली. "चार वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी तपासून घेतलं. मोठ्या इस्पितळात. माझं सगळं चांगलं आहे. मूल होणार नाही ते अबांगमुळं." नवऱ्याला ती अबांग म्हणायची. "त्यांनी मला शपथ घातली, माकला कळू द्यायचं नाही. मी नाही कळू दिलं."

"मग बारा बायकांसमोर सेमाह बोलली तेव्हा..."

"तुमच्या मुलाची अब्रू होती. मी सांभाळली." तिनं टॉवेल जवळ घेतला. "माझं एक मांजर होतं."

एवढंच म्हणाली. पुढचं वाक्य ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मागच्या नारळाखाली त्याला पुरला. शुक्रवारी ती गेली. जाताना आमच्या रिवाजाप्रमाणं वाकून माझा हात कपाळाला लावला. मला वाटलं होतं, हात झिडकारेल. दोन्ही कंगवे घेऊन गेली. तेलाची बाटली राहिली.

त्या दिवशी रुस्दीला मी विचारलं. चौतीस वर्षांचा घोडा. "खरं आहे का रे?"

"मग काय गावभर दवंडी पिटायची होती?"

"तिला पिटलं ना गावानं! सहा वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला तिनं, तू बघत बसलास!"

"माक, मांजर मांजर असतं. त्यावरून संसार मोडला तिनं. मी काय करू?"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. लहानपणीही कधी मारलं नव्हतं. तो गाल चोळत बसला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "जेवायला काय आहे?" आणि मी वाढलं. हेही सांगितलं पाहिजे. वाढलं मी.

तलाक झाला. आठ-नऊ महिने गेले आणि ईदनंतर सेमाह नाचत आली. पासिर मासला एक मुलगी पाहिलीय, अफीफा नाव, शिकलेली, घर चांगलं. मागणी घालायला जायचं. "आईशिवाय मागणी कशी घालणार? चल, आणि तोंड जरा बंद ठेव."

ठेवणारच होते. मनाशी ठरवून निघाले होते की आपलेच दात आणि आपलेच ओठ. पानांचं तबक मांडीवर घेऊन गाडीत बसले. रुस्दीनं नवा सदरा घातला होता.

मुलगी आली. साधी, काळीसावळी, डोळे बोलके. येऊन बसली तशी तिच्या मागून एक तांबडं मांजर आलं, आखूड केसांचं, शेपटीला गाठ असलेलं, आमच्याकडे असतात तसं. सरळ तिच्या मांडीवर चढलं. ती लाजली, पण ढकललं नाही. हात आपोआप त्याच्या पाठीवर फिरायला लागला.

बोलणी झाली. चहा झाला. सेमाह घसा साफ करून म्हणाली, "मुलगी पसंत आहे. आमची अट काही नाही. फक्त एक, आमच्या घराला मांजर सोसत नाही. पहिलीची कूस त्यानंच बंद झाली."

"एवढंच ना?" मुलीची आई हसली. "उद्याच नेऊन सोडते बाजारात. तिथं मासळी असते, उपाशी नाही मरायचं."

सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिचा हात मांजराच्या पाठीवर जागच्या जागी थांबला. तिनं रुस्दीकडे बघितलं, एकदाच. रुस्दी फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

ती नजर मी आधी पाहिली होती. या खेपेला मला कळली.

"मांजर ठेवा," मी म्हटलं. "जावई घेऊ नका."

"नाब!" सेमाह ओरडली.

"ओरडू नका, काक. मला माझं ऐकू येतंय." मी तबक खाली ठेवलं. "पहिलीची कूस चांगली होती. मूल होणार नाही ते माझ्या मुलामुळं. चार वर्षं ठाऊक होतं त्याला. त्यावरही कुणी राहिलं असतं, ती राहिलीच होती की! पण तिला बोलणी बसत होती तेव्हा हा असा बसला होता. असाच. बघून घ्या सगळे. आणि तिचं मांजर बाजारात टाकणारी मी. मासळी असते तिथं, खरंय. मेलं ते. आतड्यात स्वतःच्या केसांचा गोळा होऊन मेलं, दोन दिवस माझ्या पेट्यांच्या खोलीत, कारण मला खरं बोलायचं नव्हतं."

मुलीनं मांजराला दोन्ही हातांनी धरलं, उठली आणि आत गेली.

रुस्दी माझ्यामागं अंगणात आला. चेहरा लालबुंद. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझ्यावर ओरडताना पाहिलं. "संपलं, माक! माझी तू माती केलीस. आता मी काक सेमाहकडे राहीन, तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही. म्हातारपणी बघतो कोण सांभाळतं तुला! कोण घालतं खायला!"

बावीस वर्षं मी दिलेली शिवी, बाचोकच्या त्या बाईनं दिलेली शिवी, शेवटी बरोबर पत्त्यावर आली.

"जा तू," मी म्हटलं. "बाजारात मासळी असते."

गाडी गेली. मी चपला घातल्या आणि बसथांबा कुठं आहे ते त्या मुलीच्या आईला विचारलं.